मेळावा मोटारींचा की किमतींचा?

मार्च २०२०मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली आणि मुंबईकरांची मोटारींची हौस बोटीने अलिबागेकडे उतरू लागली. अशा मेळाव्यांत केवळ किंमत आणि अश्वशक्ती उच्चारली जाते तेव्हा ते कंटाळवाणे होतात. कारण तिथे मालक असतात, वाचक नसतात. पण एखादा जुन्या प्रीमियर पद्मिनीचे बॉनेट उघडून कार्ब्युरेटरची कहाणी सांगू लागला की वस्तूला चरित्र लाभते. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. खाऱ्या हवेत पत्रा गंजतो, तशी स्मृतीही. मेळाव्यात मिस्त्रींना आताच बोलते करायला हवे. एरवी उरतील त्या चकचकीत, पण मुक्या मोटारी.