कागद कामगाराचा, पैसा कुणाचा?

सातपूरच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगाराचा पगार बँकेत जमा होतो. पण केवायसी (ग्राहकाची ओळख पडताळणी) रखडली की खाते थांबते आणि स्वतःच्याच पैशासाठी त्याला अर्धी पाळी बुडवावी लागते. केवायसीच्या नियमांचा उगम 1989 सालच्या जी-7 परिषदेत स्थापन झालेल्या ‘एफएटीएफ’ या काळ्या पैशाविरोधी आंतरराष्ट्रीय संस्थेत आहे. आपला मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा 2002 चा, अंमल 2005 पासून. एफएटीएफचे भारताचे सदस्यत्व 2010 चे.

नियमांची गरज आहेच. 2024 मध्ये आपल्याच नाशिक जिल्ह्यात, मालेगावात, तरुणांच्या नावावरच्या खात्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरल्याचे प्रकरण ईडीपर्यंत गेले. त्या खात्यांनाही कागदपत्रे जोडलेली होतीच!

म्हणजे नुसती कागदपत्रे पुरेशी नाहीत. जिथे जोखीम जास्त तिथे तपासणी कडक, हे एफएटीएफचेच तत्त्व. पुरेशी कागदपत्रे नसणाऱ्यांसाठी जास्तीत जास्त 50 हजारांच्या शिलकीचे, महिन्याला 10 हजारांपर्यंत काढता येणारे ‘छोटे खाते’ही नियमांत आहे, ते काउंटरवर किती जणांना सांगितले जाते? खाते थांबवण्याआधी मराठीत लेखी सूचना, कारण आणि दाद मागण्याची मुदत मिळायला हवी. काळ्या पैशाचा माग काढताना घामाचा पैसा अडवण्याचा अधिकार कुणालाच नाही.