लाठीआधीची पायरी
राज्यात कोठेही दंगल उसळली वा मोर्चा चिघळला की राज्य राखीव पोलीस दलास पाचारण केले जाते. या दलाच्या गट क्रमांक १२ चे मुख्यालय हिंगोली येथे आहे. ढाल-लाठी घेऊन अनोळखी गावी उभा ठाकणारा जवान आणि समोरचा जमाव एकाच समाजाचे घटक असतात. म्हणूनच हा प्रश्न केवळ बळाचा नसून विवेकाचा आहे.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर निघालेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा बळी गेला. त्यात स्त्रिया व बालकेच अधिक होती. ते दंगेखोर नव्हते. पांगण्यास वाटच नसेल तर लाठी उगारल्याने जमाव पांगत नाही, तुडवला जातो.

दगड भिरकावणाऱ्याची, जाळपोळ करणाऱ्याची गय नकोच. परंतु इशारा, अश्रुधूर आणि लाठी यांच्याही आधी एक पायरी असते: जबाबदार व्यक्तीने वेळेवर सामोरे जाऊन निवेदन स्वीकारणे. ती पायरी शासनाची. ती चुकली की किंमत मात्र जवान आणि मोर्चेकरी मोजतात.