घरची बोली जपणारे दुकान

मंडळी, दुकान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? गुळाच्या ढेपा, शेंगदाण्याचे पोते, तराजू आणि उधारीची वही. आज मात्र एका वेगळ्याच दुकानाची हकिगत सांगायची आहे. ते आहे लंडनमध्ये आणि तिथे विकतात पुस्तके. तुम्ही म्हणाल, लंडनच्या पुस्तकांच्या दुकानाशी आपल्याला काय करायचे? पण ज्या लोकांसाठी ते दुकान निघाले त्यांचे आजे-पणजे उसाच्या फडात राबून मेले. तेव्हा ऊस लावणाऱ्या आणि तोडणाऱ्या घरांना ही हकिगत परकी वाटायची नाही.

मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातला जगाचा नकाशा काढा. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या मध्ये समुद्रात बेटांची माळ दिसेल. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद अशी तिथली नावे. हा कॅरिबियन मुलूख. गोऱ्या मळेवाल्यांनी तिथे ऊस लावला आणि तो तोडायला आफ्रिकेतून माणसे जहाजांत कोंबून आणली. इंग्रजांच्या राज्यात १८३४ साली कायद्याने गुलामगिरी बंद झाली, तरी खरी सुटका व्हायला १८३८ उजाडले. सरकारने २ कोटी पौंड भरपाई दिली. कोणाला? मालकांना! ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला त्यांच्या हातावर कवडीही पडली नाही. पुढे मळ्यांवर राबायला करार करून हिंदुस्थानातून मजूर नेले. त्रिनिदादला त्यांचे पहिले जहाज लागले १८४५ साली. आपल्याकडची मराठी माणसेही अशीच मॉरिशसच्या मळ्यांवर गेली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला कामाला हात हवे होते. १९४८ पासून बेटांवरची माणसे बोटीने तिकडे जाऊ लागली. कोणी बस चालवली, कोणी इस्पितळात रोग्यांची सेवा केली. पण भाड्याने खोली मागायला गेले की दार बंद, आणि मुले शाळेत गेली की मागच्या बाकावर.

अशा दिवसांत, १९६१ साली, जॉन ला रोज नावाचे त्रिनिदादचे गृहस्थ इंग्लंडला आले. कामगार चळवळीत मुरलेले आणि कविता लिहिणारे. १९६६ साली त्यांनी आणि सेरा व्हाइट या इंग्रज बाईंनी मिळून ‘न्यू बीकन बुक्स’ सुरू केले. बीकन म्हणजे वाट दाखवणारा दिवा. १९३० नंतरच्या काळात त्रिनिदादमध्ये या नावाचे एक मासिक निघत असे. त्याची आठवण म्हणून हे नाव. प्रारंभी दुकान कसले, राहत्या घरातच पुस्तकांचा संसार! १९७३ साली उत्तर लंडनमधल्या स्ट्राउड ग्रीन रोडवर दुकानाची पाटी लागली. आफ्रिकेच्या आणि कॅरिबियन बेटांच्या पुस्तकांना वाहिलेले हे ब्रिटनमधले पहिले दुकान समजले जाते.

पुस्तके विकता विकता ती छापायचेही काम त्यांनी केले. त्यांतले एक तुम्हाला सांगण्यासारखे आहे. त्रिनिदादमध्ये जे. जे. थॉमस नावाचे एक कृष्णवर्णीय शिक्षक होऊन गेले. मळ्यांवरचे मजूर जी मिसळ बोली बोलत तिला क्रेओल म्हणतात. शहाणी-सुरती माणसे तिला मोडकी, अडाणी भाषा म्हणून नाके मुरडीत. थॉमस मास्तरांनी १८६९ साली तिचे चक्क व्याकरण लिहिले! फडातल्या माणसाच्या बोलण्यालाही नियम असतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे फ्रूड नावाच्या इंग्रज इतिहासकाराने, हे लोक स्वतःचा कारभार चालवायला लायक नाहीत, असे पुस्तक लिहिले. त्यालाही मास्तरांनी १८८९ साली पुस्तक लिहून सडेतोड उत्तर दिले आणि त्याच वर्षी ते वारले. ही दोन्ही पुस्तके विस्मरणात गेली होती. न्यू बीकनने १९६९ साली ती पुन्हा छापली.

आता विचार करा, शंभर वर्षांपूर्वीचे व्याकरण लंडनमध्ये छापून कोणाचे पोट भरणार होते? पण त्याचे मोल पुढच्याच गोष्टीत कळते.

तिथल्या शाळांत तेव्हा बेटांवरच्या कितीतरी मुलांना ‘मंदबुद्धी’ ठरवून वेगळ्या शाळांत धाडले जाई. पोर का मंद? तर त्याचे बोलणे निराळे. पाण्याच्या नळाला इंग्रज मूल ‘टॅप’ म्हणते, बेटावरचे मूल ‘पाइप’ म्हणते. परीक्षा इंग्रज घरातल्या शब्दांची. मग घरचा शब्द सांगणारे पोर नापास होणार नाही तर काय! बर्नार्ड कोर्ड या शिक्षकाने हा अन्याय लिहून काढला आणि १९७१ साली न्यू बीकनने ते छोटे पुस्तक छापले. आईबापांनी ते वाचले आणि त्यांचे डोळे उघडले. आपले पोर मठ्ठ नाही, मोजायचे माप खोटे आहे, हे त्यांना उमगले. ला रोज यांच्याच घरी १९६९ पासून मुलांसाठी जादा शाळा भरू लागली होती. सुट्टीच्या दिवशी मुले तिथे गणित, इंग्रजी शिकत आणि आपल्या पूर्वजांचा इतिहासही. अशा शाळा मग ठिकठिकाणी निघाल्या.

सगळे सुरळीत चालले असे मात्र नव्हे. १९७० नंतरच्या दशकात अशा दुकानांवर वर्णद्वेष्ट्यांनी हल्ले केले. २००६ साली जॉन ला रोज गेले. त्यांचे चिरंजीव मायकेल आणि घरातल्या पुढच्या माणसांनी भार उचलला. पण घरबसल्या पुस्तके मागवण्याचे दिवस आले, गिऱ्हाईक रोडावले. २०१६ च्या अखेरीस दुकान बंद पडायची वेळ आली. तेव्हा लोकांनी पैसे जमवले, काहींनी विनामूल्य काम केले, आणि २०१७ साली दुकान नव्याने उघडले. २०२१ च्या शेवटी पुन्हा तोच प्रसंग. पुन्हा लोक धावले आणि थोड्याच दिवसांत मागितली त्याहून अधिक रक्कम उभी राहिली. सेरा व्हाइट २०२२ साली वारल्या. त्याआधी आपले दुकान लोकांनी वाचवलेले त्यांनी पाहिले.

लोक का धावले? मिठा-मिरचीचे दुकान बंद पडले तर माणूस शेजारच्या दुकानात जातो. पण या दुकानाने पोरांच्या पाठीवर हात ठेवला होता. लहानपणी आईचे बोट धरून तिथे आलेली मुले आता स्वतः आईबाप झाली होती. ती हा हात विसरली नाहीत.

आता आपल्या घराकडे वळू. वर्गात ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला आजही हसतात. मग ते पोर तोंड मिटून बसते आणि आपण म्हणतो, याच्या डोक्यात काही शिरत नाही. पुस्तकाची भाषा त्याला आलीच पाहिजे, त्यावाचून पुढचे रस्ते उघडत नाहीत. पण ती शिकण्यासाठी घरच्या बोलीची लाज वाटायला नको. तुमच्या आजीला नांगराच्या, मोटेच्या, दळणाकांडणाच्या कामातले किती शब्द येतात, एकदा बसून विचारा. नातवंडाला ते वहीत उतरवायला सांगा. वही भरली की शाळेतल्या गुरुजींना दाखवा, गावच्या वाचनालयात एक प्रत ठेवा. आणि वाचनालय बंद पडायला आले असेल, तर वर्गणीचे चार पैसे काढताना हात आखडू नका. तिथे पोराला सांगा, हे शब्द आपल्या घरचे आहेत आणि ते चुकीचे नाहीत.