क्योटोच्या विहारांतील गर्दी : दर्शनाला जायचे कधी आणि कशासाठी?

२०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी प्रवासी जपानमध्ये आले. येन घसरल्याने तिथला प्रवास स्वस्त झाला आणि मोठा लोंढा क्योटोकडे वळला. किनकाकुजी, कियोमिझुदेरा या प्रसिद्ध बुद्धविहारांत दिवसा मोबाईल उंचावलेल्या हातांतूनच वाट काढावी लागते. शहराच्या बसमध्ये जागा मिळत नाही, ही तर स्थानिकांची नेहमीची तक्रार झाली आहे.

प्रशासनाने एक दिवसाचा बसपास बंद केला. जून २०२४ पासून पर्यटकांसाठी वेगळी जलद बस सुरू केली. मार्च २०२६ पासून निवास कराची कमाल मर्यादा एका रात्रीसाठी माणशी १,००० येनवरून १०,००० येनवर नेली. हे सारे उपाय वाहतुकीचे आणि पैशाचे आहेत. विहारात माणसाने कशासाठी यावे, हे त्यांतून ठरत नाही.

साइहोजी विहाराने ते ठरवले. शेवाळाच्या बागेमुळे तिथे झुंबड उडू लागली, तेव्हा १९७७ मध्ये मुक्त प्रवेश थांबवण्यात आला. आधी अर्ज करायचा, आल्यावर सूत्र हाताने उतरवायचे, मग बाग पाहायची, अशी रीत पडली. अर्थात प्रत्येक विहाराला हे जमणार नाही. जुन्या लाकडी इमारतींची डागडुजी अनेक ठिकाणी तिकिटाच्या पैशातूनच होते.

म्हणून जबाबदारी येणाऱ्यावरही आहे. शिक्षण-नोकरीनिमित्त जपानला जाणाऱ्या आपल्या तरुणांनी पहाट निवडावी. कियोमिझुदेरा सकाळी ६ वाजता उघडते. क्योटो स्थानकापासून चालत जाता येईल अशा हिगाशी होंगानजीत रोज सकाळी ७ वाजता वंदना होते. तिला कुणीही बसू शकतो, तिकीट नाही. नारा येथील तोदाइजीत तर आपले नातेच आहे. इ.स. ७५२ मध्ये तिथल्या महाबुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी बोधिसेन या भारतीय भिक्खूंच्या हातून झाला होता. तिथेही दार उघडताच पोहोचावे.

गर्दी आपल्याला नवी नाही. दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तरी तिथे कुणी उपरा वाटत नाही, कारण सारे वंदनेला आलेले असतात. क्योटोला जाल तेव्हा तीच भावना सोबत न्या. यादीतली दहा विहारे धावत पाहण्यापेक्षा एका विहारात तासभर शांत बसा. फोटो नंतरही काढता येतो.