दवाखान्याचा खर्च कोणी सोसावयाचा?

आरोग्यसेवेच्या सुधारणेचा विषय निघाला की चर्चा एका ठराविक वाक्यापाशी येऊन अडते : "हे सर्व ठीक आहे, परंतु पैसा कोठून आणावयाचा?" हे वाक्य उच्चारणाऱ्याचा आविर्भाव असा असतो की, जणू आज आरोग्यसेवा फुकट चालली आहे आणि आपण समाजावर एखादा नवाच बोजा लादू पाहत आहोत. वस्तुस्थिती तशी नाही. रोग्यावरील उपचारांचा खर्च आजही होतोच आणि तो कोणीतरी भरतोच. कोणी शेत गहाण टाकून भरतो, कोणी घरातील किडूकमिडूक मोडून भरतो, तर ज्याच्यापाशी मोडण्यासारखेही काही नाही तो उपचार अर्धवट टाकून आपल्या आयुष्याने भरतो. तेव्हा पैसा आहे की नाही हा प्रश्नच नाही. तो केव्हा घ्यावयाचा, माणूस धडधाकट असताना की अंथरुणाला खिळल्यावर? आणि कोणत्या मापाने घ्यावयाचा, ऐपतीच्या की आजाराच्या? खरा वाद या दोन प्रश्नांचा आहे आणि तो सरळसरळ वर्गीय स्वरूपाचा आहे.

या वादाचे उत्तर आपल्या देशात स्वातंत्र्याच्या आधीच दिले गेले होते. १९४३ साली नेमलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणासाठी कोणीही व्यक्ती पुरेशा वैद्यकीय मदतीपासून वंचित राहता कामा नये, हे तत्त्व त्या अहवालाने आपल्या योजनेच्या मुळाशी ठेवले. भोर हे काही समाजवादी नव्हते. ब्रिटिश राजवटीत वाढलेले ते एक सनदी अधिकारी होते. तरीही गावपातळीवरील आरोग्यकेंद्रापासून जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत शासनाने स्वतः उभारलेली आणि सार्वजनिक तिजोरीतून चालविलेली सेवा, याखेरीज दुसरा मार्ग त्यांच्या समितीला दिसला नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ५ जुलै १९४८ रोजी, युद्धाने खिळखिळ्या झालेल्या ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. तिचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधील खाणकामगाराचे पुत्र. मुख्यतः सर्वसाधारण करांतून खर्च आणि उपचाराच्या वेळी रोग्याकडून काहीही न घेणे, ही त्या सेवेची रचना होती. परंतु त्याहूनही बोधप्रद आहे ती १९५१ सालची घटना. कोरियाच्या युद्धाच्या काळात शस्त्रास्त्रांवरील खर्च वाढला, तेव्हा अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी चष्मे आणि कृत्रिम दात यांवर रोग्याकडून शुल्क घेण्याचे ठरविले. एकूण अंदाजपत्रकाच्या मानाने ती रक्कम किरकोळ होती. तरीही बेव्हन यांनी त्या मुद्द्यावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हा हटवादीपणा आहे, असे त्यांच्याच पक्षातील अनेकांना वाटले. पण पुढच्याच वर्षी हुजूर पक्षाच्या सरकारने डॉक्टरच्या प्रत्येक औषधचिठ्ठीवर एक शिलिंग शुल्क बसविले. तत्त्वाला एकदा छिद्र पाडले की ते कोणत्या आकाराचे ठेवावयाचे, हे पाडणाऱ्याच्या हाती राहत नाही.

आपल्याकडे भोर समितीचे तत्त्व कोणी उघडपणे नाकारले नाही. ते फक्त अर्थसंकल्पात उपाशी ठेवले गेले. १९८३ च्या पहिल्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने "सर्वांसाठी आरोग्य" ही घोषणा स्वीकारली आणि त्याचबरोबर खाजगी क्षेत्राला आवतणही दिले. नव्वदीच्या दशकात, जागतिक बँकेचा सल्ला शिरोधार्य मानला जात असताना, सरकारी रुग्णालयांतही शुल्क आकारणीचे युग आले. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील शुल्क रद्द होण्यास १५ ऑगस्ट २०२३ उजाडावा लागला. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. मात्र गंभीर आजाराचा रोगी जेथे अखेरीस पाठविला जातो, ती वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिली, हेही विसरता कामा नये.

आकडे काय सांगतात ते पाहू. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली, म्हणजे महामारीच्या वर्षातसुद्धा, हा खर्च १.८४ टक्के होता. एकूण आरोग्यखर्चापैकी कुटुंबांनी थेट स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ साली ६४.२ टक्के होते, ते २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आले. राज्यकर्ते ही घट अभिमानाने सांगतात. घट झाली असेल तर आपणांस आनंदच आहे. परंतु उरलेले ३९ टक्के म्हणजे साडेतीन लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम आहे, आणि ती आजारी माणसाच्या घरातून, तो आजारी असतानाच वसूल झालेली आहे. शिवाय जो दवाखान्याची पायरीच चढला नाही त्याचा खर्च शून्य धरला जातो. त्याचे दुखणे कोणत्याही लेख्यात चढत नाही.

आज या प्रश्नावर सर्व पक्षांचे राज्यकर्ते एकच उत्तर देतात : विमा. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी यांच्या नावाने निघालेली योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालू आहे आणि २०२३ साली ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करण्याचा निर्णय झाला. या योजनांमुळे हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगावरील उपचार किंवा डायलिसिस ज्यांना मिळाले, अशी कुटुंबे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या परिचयाची आहेत. त्यांच्यापुढे जाऊन या योजना म्हणजे निव्वळ फसवणूक आहे, असे म्हणणे खोटेपणाचे आणि निष्ठुरपणाचे होईल. तसे कोणी म्हणू नये.

परंतु या योजनांचा गाभा तपासला पाहिजे. त्या प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्याच्या उपचारांपुरत्या आहेत. गरिबाचा खिसा जेथे रोज झिजतो, ती जागा निराळी आहे : मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या जन्मभराच्या गोळ्या, लेकराचा ताप, तपासण्या, डॉक्टरची फी आणि एस.टी.चे भाडे. हा सारा खर्च विम्याच्या कार्डाबाहेरच राहतो. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीला पैसे नाहीत, आणि त्या गोळीवाचून पक्षाघात झाला की मात्र पाच लाखांचे संरक्षण आहे, अशी ही उफराटी व्यवस्था आहे. दुसरे असे की, कार्ड म्हणजे रुग्णालय नव्हे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात किंवा भामरागडच्या जंगलात कार्ड पोहोचेल. पण शल्यचिकित्सक पोहोचणार नाही, कारण खाजगी रुग्णालय नफ्याची जागा पाहून उभे राहते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सरकारच्या तिजोरीतून निघालेला पैसा खाजगी रुग्णालयांत गेला की तो सार्वजनिक सेवेच्या बांधणीत कामी येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रियागृह उभारले तर ते तीस वर्षे गावाचे राहते. दावा मंजूर करून दिलेली रक्कम त्या एका दाव्याबरोबर संपते.

विम्याचा म्हणून जो चांगला नमुना आपल्यापुढे आहे तो कामगार राज्य विमा योजनेचा. १९४८ च्या कायद्यान्वये ती आली आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे तिचा प्रारंभ झाला. वर्गणी वेतनाच्या प्रमाणात आणि उपचार गरजेच्या प्रमाणात, हे तिचे सूत्र समाजवादी विचाराच्या जवळचे आहे. त्या योजनेचे दवाखाने कसे चालतात याविषयी कामगारांच्या तक्रारी पुष्कळ आहेत, आणि त्या रास्त आहेत. पण सुधारणा कोणत्या दिशेने झाली? २०१९ साली मालकाची वर्गणी वेतनाच्या ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आणि कामगाराची १.७५ वरून ०.७५ टक्क्यांवर आणली गेली. कामगाराला दिलासा मिळाला हे खरे. परंतु टक्क्यांच्या हिशेबात मोठी सूट मालकाच्या पदरात पडली. शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, बांधकामावरचे बिगारी यांच्यापर्यंत त्या योजनेची सावलीही पोहोचलेली नाही. ज्यांचा मालकच ठरत नाही त्यांची वर्गणी कोणाकडून घ्यावयाची? येथे कराखेरीज दुसरे उत्तर नाही.

या वादाला डॉक्टरांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. २१ मार्च २०२३ रोजी राजस्थान विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदा संमत केला. आणीबाणीच्या प्रसंगी आगाऊ रकमेची मागणी न करता उपचार करावेत, रोगी पैसे देऊ शकला नाही तर शासनाने ते द्यावेत, अशी त्यात तरतूद होती. खाजगी डॉक्टरांनी संप पुकारला. ४ एप्रिलला समझोता झाला, त्यात पन्नासपेक्षा कमी खाटांची खाजगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेतून वगळण्याचे मान्य झाले. डॉक्टरांच्या विरोधात हितसंबंधाचा भाग होता, हे उघड आहे. तथापि "सरकारकडून आमचे पैसे वेळेवर येतील याची हमी काय?" हा त्यांचा प्रश्न हितसंबंधाचा म्हणून उडवून लावता येत नाही. ज्या हक्कामागे अर्थसंकल्पातील रक्कम उभी नाही, तो हक्क म्हणजे एका गरिबाने दुसऱ्या लहान डॉक्टराशी भांडावे म्हणून दिलेला कागद होय. त्या वर्षाच्या डिसेंबरात तेथील सरकार बदलले, तोवर कायद्याचे नियमही झालेले नव्हते.

आता "पैसा कोठून?" या प्रश्नाकडे. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती न घेणाऱ्या कंपन्यांसाठी प्राप्तिकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला. हे करताना पैसा कोठून येणार, असे कोणी विचारले नाही. उलट २०१८ पासून आरोग्य व शिक्षण यांच्या नावाने प्राप्तिकरावर चार टक्के उपकर घेतला जातो. उपकराचा पैसा राज्यांना वाटून द्यावा लागत नाही, आणि राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय तर राज्यांचा! म्हणजे ज्याने दवाखाना चालवावयाचा त्याच्या हाती पैसा नाही. गरीब माणूस कर भरत नाही, हाही एक शिष्टसंमत गैरसमज आहे. साबणाच्या वडीवर आणि चपलेच्या जोडावर तोही जीएसटी भरतो. त्याने पैसे भरलेले आहेत. त्याला सेवा मिळालेली नाही.

येथे आपले विरोधक सरकारी रुग्णालयांच्या दुरवस्थेकडे बोट दाखवतील. त्यांना थांबविण्याचे कारण नाही. डॉ. राममनोहर लोहिया यांचे १२ ऑक्टोबर १९६७ रोजी दिल्लीच्या विलिंग्डन रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर निधन झाले आणि त्या उपचारांविषयी तेव्हा गंभीर प्रश्न उपस्थित झाले. आज त्या रुग्णालयाला लोहियांचेच नाव आहे. सरकारी रुग्णालयाचे दोष समाजवाद्यांना कोणी नव्याने शिकवावयास नको. २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रोगी दगावल्याची वार्ता आली, त्यांत बारा नवजात अर्भके होती. या घटनेतून निष्कर्ष कोणता काढावयाचा? आसपासच्या जिल्ह्यांतील हताश माणसे जेथे शेवटी येतात, ते दार बंद करावे हा? की तेथे खाटा, परिचारिका आणि औषधे द्यावीत हा?

औषधांचे म्हणाल तर मार्ग ठाऊक आहे. तमिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापून घाऊक खरेदीची शिस्तबद्ध व्यवस्था बसविली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे सुरू केली. महाराष्ट्राने २०१७ साली खरेदी हाफकिनकडे सोपविली आणि २०२३ साली तिच्यासाठी निराळे प्राधिकरण निर्माण केले. ज्ञानाची उणीव नाही; उणीव आहे ती दबावाची.

दबाव निर्माण न होण्याचे एक कारण असे की, ज्यांचा आवाज ऐकला जातो तो मध्यमवर्ग सरकारी दवाखान्यातून केव्हाच निघून गेला. अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना खर्चाची भरपाई मिळते, नोकरदारांना कंपनीचा विमा असतो. जी सेवा केवळ गरिबांसाठी ठेवली जाते तिची निगा कोणी राखत नाही. म्हणून सार्वजनिक आरोग्यसेवा सर्वांसाठी एक असावी, हा आग्रह आपण सोडता कामा नये. विम्याचा हप्ता दरसाल वाढत चाललेला आणि म्हातारपणी तोच विमा तोकडा पडलेला पाहणारा मध्यमवर्ग हे आज ऐकण्याच्या मनःस्थितीत आहे. त्याच्याशी तुच्छतेने नव्हे, तर सोबती म्हणून बोलले पाहिजे.

श्रमिकांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे छत्तीसगडमधील दल्ली राजहरा येथील खाणकामगारांनी दाखवून दिले आहे. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने १९७७ च्या गोळीबारातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ ३ जून १९८३ रोजी शहीद रुग्णालय सुरू केले, ते कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमांतून. हे उदाहरण वंदनीय आहे. मात्र शासनाने अंग काढून घ्यावे आणि गरिबांनी आपापली रुग्णालये बांधावीत, असा त्याचा अर्थ कोणी लावू नये. लोकांना काय हवे आहे आणि ते किती साध्या खर्चात चालू शकते, याचा तो पुरावा आहे. शासनाकडे मागणी करताना तो पुरावा पुढे ठेवावा.

तेव्हा आपल्या तालुका समित्यांपुढे काम स्पष्ट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील मंजूर आणि भरलेल्या जागांचा तक्ता मागावा. आवश्यक औषधांपैकी कोणती किती दिवस नव्हती, याची नोंद गावोगाव ठेवावी. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मागवून ग्रामसभेत वाचावे. धर्मादाय रुग्णालयांनी निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखून ठेवणे बंधनकारक आहे. त्यांची विचारणा करावी, कारण त्या संस्थांना मिळालेल्या करसवलती हा जनतेचाच पैसा आहे. विमा योजनेचा लाभ अडलेल्या रोग्याला मिळवून द्यावा, आणि तो मिळवून देतानाच त्याच्या नातलगांशी सार्वजनिक सेवेची गोष्ट बोलावी. विधिमंडळाच्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी या नोंदी जिल्ह्याजिल्ह्यांतून एकत्र आल्या, तर "पैसा कोठून आणावयाचा?" या प्रश्नाला आपण आकड्यांनिशी उत्तर देऊ शकू : जेथे तो साठलेला आहे तेथून घ्या, आणि माणूस आजारी पडण्याआधी घ्या.