उसना श्वास

मोटारीचें यंत्र श्वास घेतें, असें म्हटल्यास वाचकांस तो केवळ अलंकार वाटेल. पण तें अक्षरशः खरें आहे. पिस्टन खालीं उतरला कीं सिलिंडरांत पोकळी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब ती भरून काढतो. प्राणायामाच्या परिभाषेंत हा पूरक. मग झडपा मिटून हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबलें जातें, तो कुंभक. आणि ठिणगीनें तें पेटून काम उरकलें म्हणजे धूर बाहेर लोटला जातो, तो रेचक. वातावरण देईल तेवढीच हवा घेणारें यंत्र तें स्वाभाविक श्वासाचें. एक भाग पेट्रोल जाळण्यास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते. म्हणून हवा अधिक कोंबली तर पेट्रोल अधिक जळतें व बळ वाढतें. सुपरचार्जर म्हणजे या कामीं जोडलेला लोहाराचा भाताच. मात्र तो फिरविण्यास लागणारें बळ यंत्राला स्वतःच्याच कमाईंतून द्यावें लागतें.

या युक्तीचे गुणदोष पाहावयाचे तर इंग्लंडांतील बेंटले मोटारीचा इतिहास मनन करण्याजोगा आहे. साडेचार लिटरची ही गाडी १९२७ सालीं निघाली. शर्यतीसाठीं तयार केलेल्या गाडीचें बळ सुमारें १३० अश्वशक्ति होतें. हेन्री बर्किन या शर्यतपटूस तें अपुरें वाटलें. त्यानें अ‍ॅमहर्स्ट व्हिलिअर्स या यंत्रज्ञाकडून रेडिएटरच्या पुढें भाता बसवून घेतला. डॉरोथी पॅजेट या श्रीमंत स्त्रीनें द्रव्यसाहाय्य केलें. बळ २४० अश्वशक्तीपर्यंत चढलें. परंतु मूळ निर्माते डब्ल्यू. ओ. बेंटले यांस हें रुचलें नाहीं. बळ हवें असेल तर यंत्रच मोठें करावें, असें त्यांचें मत.

१९३० सालीं फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतींत दोन्ही मतांची परीक्षा झाली. भाता लावलेल्या दोन्ही बेंटले यंत्र बिघडून वाटेंतच थांबल्या. पहिला व दुसरा क्रमांक भाता नसलेल्या साडेसहा लिटरच्या बेंटले गाड्यांनीं पटकाविला. तथापि एवढ्यावरून भात्यास निरुपयोगी ठरविणें न्यायाचें नव्हे. त्याच वर्षीं पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्यें बर्किननें भातेवाल्या बेंटलेनेंच दुसरा क्रमांक मिळविला. ती शर्यत कांहीं तासांचीच होती. थोडा वेळ जें बळ पेलतें, तें अहोरात्र पेलेलच असें नाहीं.

याचें कारण उष्णता. हवा दाबली कीं तापते. तापलेलें मिश्रण ठिणगीपूर्वींच किंवा अवेळीं भडकतें, आणि तो आघात पिस्टन, दांडे व क्रँकशाफ्ट यांवर बसतो. व्हिलिअर्सनें क्रँकशाफ्ट व पिस्टन मुद्दाम वेगळे घडविले होते, तरी ही गत! आजच्या स्वाभाविक श्वासाच्या अनेक यंत्रांत तर मिश्रण मुळांतच दहाव्या-अकराव्या हिश्शाइतकें आकुंचित केलेलें असतें. त्यावर आणखी कोंबणें म्हणजे भरल्या पोटीं पुन्हां पंगतीस बसविणें होय.

आपल्या घरांतील एखाद्या उत्साही मुलानें तयार भाता आणून गाडीस जोडण्याचा बेत सांगितला, तर वडील मंडळींनीं त्याला एकदम धुडकावूं नये. त्याला शांतपणें विचारावें: दाबलेली हवा थंड करण्याची सोय कोणती? वाढीव पेट्रोल पुरविण्याची व ठिणगीची वेळ बदलण्याची व्यवस्था कोण करणार? पिस्टन हा भार सोसतील काय? आणि वाढलेला वेग आवरण्यास ब्रेक पुरेसे आहेत काय? शिवाय १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचें ५२ वें कलम वाहनांतील फेरफारांवर निर्बंध घालतें. म्हणून परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत आधीं चौकशी करावयास लावावी. उत्तरें समाधानकारक आलीं, तर मुलगा यंत्रशास्त्र खरोखर शिकला असें समजावें. न आलीं, तर भात्याचे पैसे तूर्त पेटींत राहूं द्यावे आणि त्याला अभ्यासास अवधि द्यावा. त्या गाडींतून आपलींच नातवंडें शाळेंत जावयाचीं आहेत.