फाईल गेली नव्हती



यंदाच्या दिवाळी अंकासाठी एका एकोणीस वर्षांच्या मुलीने अकरा स्क्रीनशॉट पाठवून कथा दिली. कथा उत्तम होती. फाईल मागितली, तर ती स्वतःच कार्यालयात आली. मोबाइलवर दोन अंगठ्यांनी ती झरझर मराठी टाइप करते. संगणकावर मात्र कथा सेव्ह करून खिडकी बंद केली आणि तिचा चेहरा उतरला. "सर, फाईल गेली." गेली नव्हती, 'डॉक्युमेंट्स'मध्ये होती. फोल्डर म्हणजे काय, हे तिला कोणी कधी दाखवलेच नव्हते.

"आजच्या मुलांना काही येत नाही," असे म्हणून हात झटकणे मला मान्य नाही. २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा तालुक्याच्या गावीही आमच्यासारख्यांना शेजारी बसून कोणीतरी शिकवले: फोल्डर करा, नाव द्या, कॉपी करा. स्मार्टफोनने ही पायरीच गाळली. फोटो, गाणे, टिपण आपापल्या अ‍ॅपमध्ये आपोआप उघडते; ते ठेवले कुठे, हे विचारायची वेळच येत नाही. २०२३ च्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. संगणक वा लॅपटॉप जेमतेम ९ टक्क्यांच्या घरी. जे घरात नाही, त्याची सवय हाताला कुठून लागणार?

ही सवय नसली की पहिल्या नोकरीत अडतेच. पण मला काळजी आहे ती लिखाणाची. आपले लिखाण कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर ते आपल्या ताब्यात नाही. फोन फुटला, पासवर्ड विसरला, की दोन-तीन वर्षांच्या कविता गेल्या.

त्या मुलीला सगळे समजायला एक दुपार पुरली. कथेची सुधारलेली प्रत तिने नाव घातलेल्या फाईलमध्ये, ईमेलला जोडून पाठवली. ती कथा या अंकात आहे.

वाचकहो, भाऊबीजेला घरी आलेल्या भाचरांना, पुतण्यांना तासभर संगणकापुढे बसवा. घरी नसेल, तर शाळेतली संगणकाची खोली सुट्टीत उघडी ठेवायला सांगा. एक फोल्डर त्यांच्या हातून करून घ्या, त्याची प्रत दुसरीकडे ठेवायला शिकवा. रागावू नका, शेजारी बसा.

दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!

— संपादक